बिनमहसुली

कान्यामातल्या सतरा नंबरच्या पाण्याच्या टपरीवर
पहाटे चारला नामुकोलो कुलूप उघडते
तेव्हा रांगेत आधी डबे असतात, माणसं नंतर.
पिवळे, वीस लिटरचे, कधीकाळी गोडेतेलाचे,
झाकणाऐवजी कोंबलेलं मक्याचं बुरकंड.

पन्नास न्ग्वेला एक.
नाणं आधी पत्र्यावर वाजतं, मग पाणी डब्यात.
हा क्रम ती मोडू देत नाही.
एकदा मोडला होता, चिलेशेच्या जुळ्यांना ताप होता तेव्हा,
तो डबा अजून वहीत आहे, पेन्सिलीने.

वही दोन्हीकडून लिहिलेली.
पुढून विकलेलं, मागून मीटरवरलं.
मधल्या पानावर दोघं भेटतील
असं काम देताना तिला सांगितलं होतं.
अकरा महिने झाले, दरमहा नऊ युनिटांची खोट.
नऊ युनिट म्हणजे साडेचारशे डबे,
म्हणजे तिचं कमिशन
आणि वर थोडी भावाकडून उसनवारी.

कंपनीचा माणूस म्हणाला, याला आमच्यात नाव आहे:
बिनमहसुली पाणी.
घरातून निघून गेलेल्या थोरल्याचं नाव
घ्यावं, तसं त्याने ते घेतलं.
त्याचा तक्ता होतो. तक्ता समुद्रापलीकडे जातो,
तिथे लांब टेबलावर पेल्यांना कागदी टोप्या घालून
पाणी मांडलेलं असतं. कुणी पीत नाही.
पंचवीस वर्षांचं कर्ज.
नामुकोलोचा मुलगा आज सात वर्षांचा आहे,
फिटेल तेव्हा बत्तीसचा असेल.
मी त्या टेबलाकडूनच आलो होतो. तपासनीस.

साडेपाचला कालालुका येतो
रात्रभरात तीन घरांचे खड्डे उपसून.
इथे हातभर खाली चुनखडक लागतो.
खड्ड्याला खोल जाता येत नाही,
विहिरीला लांब जाता येत नाही,
पावसाळ्यात दोघांची गाठ पडते
आणि शाळेच्या मैदानात पांढरे तंबू ठोकले जातात.
तो दोन डबे घेतो,
एक हातांसाठी, एक लांब दांड्याच्या फावड्यासाठी.
नाणी लांबूनच टाकतो.
रांग जरा मागे सरते,
ज्यांचे खड्डे रात्री उपसले, तेही सरतात.
नामुकोलो नाणी क्लोरिनच्या वाडग्यात टाकते.
ती सगळ्यांचीच टाकते.
हे त्याने फार पूर्वी पाहून ठेवलं असावं.

माझ्या भाषेत म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय.
तसं म्हणताना आम्ही जमिनीकडे बघत नाही,
माणसाकडे बघतो.
मीही तिच्याकडेच बघत होतो,
तिच्या नव्या चपलांकडे, फोनकडे.

ऑक्टोबर. पत्रे तडतडत होते,
भोपळ्याच्या वेलींनी माना टाकलेल्या.
फावडं धुता धुता कालालुका म्हणाला,
मागे म्वेन्याबाईंच्या कुंपणात
पपईला बावीस फळं आहेत.
एवढंच म्हणाला. डबे पालथे घालून गेला.

आम्ही दोघं मागे गेलो.
झाड हिरवंगार, बुंध्याशी माती काळी,
पाऊल ठेवलं तर जरा आत जाणारी.
नामुकोलो उकिडवी बसली, तळहात टेकला,
आजारी माणसाच्या कपाळावर टेकतात तसा.
मग हसली. मग हसू आवरलं,
कारण साडेचारशे गुणिले अकरा तिला तोंडी येत होतं.

कंपनीला मी त्याच दिवशी कळवलं.
दुरुस्तीचं शीर्ष पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आहे.
तोवर वजावट नियमानुसार चालू.

म्वेन्याबाई आता दर शुक्रवारी एक पपई पाठवतात.
नामुकोलो ती वहीत लिहिते,
पुढूनही नाही, मागूनही नाही,
मधल्या पानावर: पपई १, पपई १, पपई १.
शेऱ्याच्या रकान्यात मी काय लिहावं
हे मला सुचलं नाही.

निघताना तिने एक फोड दिली.
फार गोड नव्हती.
किंचित क्लोरिनचा वास येत होता,
की तो माझ्याच बोटांना होता?
नाणी सकाळी मीही मोजली होती.